चर्चच्या आवारातलं गवत कधी कापायचं? : वाचकांचे प्रश्न आणि माझी उत्तरं

मंडळी, मागच्या महिन्यात मी याच पानावर चार ओळी लिहिल्या होत्या, की इंग्लंडात आमच्या गावच्या जुन्या चर्चच्या आवारात आता रानफुलं येतात आणि मी तिथे दर शनिवारी काम करायला जाते. एवढ्याशा मजकुरावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सात पत्रं निवडली. मी मूळची जावळी तालुक्यातली, घर शेतकऱ्याचं, आणि गेली बावीस वर्षं श्रॉपशरमध्ये राहते, तेव्हा दोन्हीकडचं गवत कापलेलं आहे, त्या अनुभवावरून लिहिते.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी लेस्टरजवळच्या खेड्यात घर घेतलं, शेजारीच सातेकशे वर्षांचं चर्च आहे. आधी तिथलं लॉन अगदी गालिच्यासारखं असायचं. आता एप्रिलपासून मागच्या भागात गवत गुडघ्यापर्यंत वाढतं आणि 'हा भाग रानफुलांसाठी राखलेला आहे' अशी पाटी लावलीय. सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या, त्या म्हणाल्या देवाच्या दारात असं रान माजू देतात का गं? मला काय उत्तर द्यावं कळेना. हे पैसे वाचवायला चाललंय की खरंच काही उपयोग असतो? (वाचक भगिनी, लेस्टर)

उत्तर : ताई, सासूबाईंचा प्रश्न अजिबात चुकीचा नाही. देवाच्या जागेची निगा राखली पाहिजे हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, फक्त निगा म्हणजे दर आठवड्याला मशीन फिरवणं एवढंच नसतं.

आधी हे बघा की ती जागा कसली आहे. इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची कुरणं १९३० च्या दशकापासून आजवर जवळजवळ ९७ टक्के संपली. महायुद्धात धान्यासाठी नांगर फिरला, मग रासायनिक खतं आली, मग वाळल्या गवताऐवजी हिरवं कापून सायलेज करायची पद्धत आली आणि फुलाला बी धरायला वेळच उरला नाही. या सगळ्यात एक जागा सुटली, चर्चचं आवार. तिथे माणसं पुरलेली, म्हणून नांगर कोणी घातला नाही. पीक काढायचं नाही, म्हणून खतही टाकलं नाही. तुमच्या शेजारच्या चर्चचं वय सातशे असेल तर त्या मातीला सातशे वर्षं कोणी फारसं छेडलेलं नाही आणि असा तुकडा त्या पंचक्रोशीत दुसरा नसेल. चर्च ऑफ इंग्लंडची सोळा हजारांच्या आसपास चर्च आहेत, बहुतेक जुन्या चर्चना असं छोटं-मोठं आवार असतंच, तेव्हा देशभर विखुरलेले हे तुकडे म्हणजे बियाण्याची कोठारंच आहेत.

आणि तो गालिचा काही जुनी परंपरा नव्हे बरं का. लॉनमोअर आला तेव्हापासूनचा तो प्रकार. त्याआधी चर्चच्या आवारातल्या गवतावर तिथल्या धर्मगुरूचा हक्क असायचा, उन्हाळ्यात लांब दांड्याच्या विळ्याने ते कापून वाळवायचे नाहीतर मेंढ्या सोडायच्या. म्हणजे आत्ता जे चाललंय तीच जुनी रीत.

आता मुख्य गोष्ट, आणि हे सासूबाईंना जरूर सांगा कारण कोल्हापूरकडच्या माणसाला हे चटकन कळेल. गवत सोडून दिलेलं नाहीये, त्याची कापायची वेळ बदललीय. आमच्या गावी कुरण राखायचे तेव्हा पावसाळाभर गुरं आत सोडायची नाहीत, दसरा उलटला, गवत पिवळं पडलं, बी झडलं की मग विळे काढायचे आणि गंजी रचायची. बी झडायच्या आधी कुणी कापलं तर माझे आजोबा चिडायचे, पुढच्या वर्षी काय माती चारणार का गुरांना, म्हणायचे. इथेही तसंच. एप्रिलपासून वाढू द्यायचं, जुलैअखेर किंवा ऑगस्टात कापायचं, कापलेलं तीन-चार दिवस जागेवरच वाळू द्यायचं म्हणजे हलवता-उलथताना बी खाली पडतं, आणि मग दाताळ्याने सगळं गवत ओढून उचलून न्यायचं. हे शेवटचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. गवत तिथेच कुजलं तर त्याचं खत होतं, जमीन सकस होते, आणि सकस जमिनीत दांडगं गवत आणि खाजणारी नेटल माजते आणि नाजूक फुलं दबून जातात. रानफुलांना भुकेली जमीन लागते. शेतकऱ्याच्या घरात वाढल्यामुळे मला हे पचायला दोन वर्षं लागली, कारण आपल्याला जमीन कसदार करायचीच सवय.

दरवर्षी असं केलं की फुलं आपोआप यायला लागतात, बऱ्याचदा बी टाकावंही लागत नाही. वसंतात काउस्लिप, मग ऑक्सआय डेझी, नॅपवीड, पिवळं बर्ड्सफूट ट्रेफॉइल, एखाद्या भाग्यवान आवारात ऑर्किडसुद्धा. गवत फारच दाट असेल तर यलो रॅटल नावाचं एक पिवळं फूल मुद्दाम पेरतात. त्याची मुळं गवताच्या मुळांना चिकटून रस ओढतात, जमिनीखालचं बांडगूळच म्हणा ना, त्यामुळे गवताचा जोर कमी होतो आणि बाकीच्यांना जागा मिळते. त्याच्या वाळलेल्या शेंगा आपल्या खुळखुळ्यासारख्या वाजतात, पूर्वी शेतकरी त्या आवाजावरूनच गवत कापायला झालं हे ओळखायचे. पेरायचं मात्र शरद ऋतूत, कारण त्या बियाला हिवाळ्याची थंडी लागल्याशिवाय ते रुजत नाही.

'नो मो मे' म्हणून एक मोहीम आहे, प्लँटलाइफ या संस्थेने २०१९ साली सुरू केली, मे महिन्यात गवत कापू नका अशी. मोहीम चांगली आहे, तिच्यामुळे हजारो लोक या विषयाकडे वळले, पण मे महिना थांबून १ जूनला मशीन फिरवायचं हे मला पटत नाही. डेझीला नुकत्या कळ्या आलेल्या असतात तेव्हा.

पैसे वाचवायचा प्रकार आहे का हे ओळखायची खूण सांगते. वाटेच्या कडा कापलेल्या आहेत का, दारापर्यंतचा रस्ता मोकळा आहे का, पाटी आहे का? असेल तर कोणीतरी मन लावून करतंय. सप्टेंबर संपला तरी गवत तसंच लोळत पडलंय, थडग्यांच्या फटीतून काटेरी ब्रॅम्बल आणि झाडांची रोपं वर आलीत, तर मात्र ते खरंच दुर्लक्ष. मग जाऊन विचारा. आणि कोणाला विचारायचं हेही बघा, कारण नवीन दफनासाठी बंद झालेली बरीच आवारं स्थानिक कौन्सिलकडे सांभाळायला दिलेली असतात, चालू असलेली चर्चच्या समितीकडे.

प्रश्न : मी दहा वर्षांची आहे. आमच्या शाळेजवळच्या चर्चमध्ये एक खूप जाड झाड आहे, टीचर म्हणाल्या त्याला हात लावला तर चालेल पण काहीही तोंडात घालू नका, ते विषारी आहे. मग देवाच्या घरी विषारी झाड का लावलं? (स्विंडनहून, आईच्या मदतीने)

उत्तर : बाळा, खूपच छान प्रश्न. ते यूचं झाड. आपल्याकडे देवळाबाहेर कण्हेर असते ना, तीही विषारीच, तरी देवाला तिची फुलं वाहतात. यू का लावला याची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. कोणी म्हणतं ते बारा महिने हिरवं असतं म्हणून मरणानंतरच्या जीवनाची खूण, कोणी म्हणतं विषारी असल्यामुळे लोक आपली गुरं आत सोडत नसत. आणि काही यू तर चर्चपेक्षा म्हातारे आहेत, म्हणजे झाड आधी आणि चर्च नंतर. स्कॉटलंडमध्ये फोर्टिंगल गावच्या चर्चच्या आवारात एक यू आहे, त्याचं वय दोन-तीन हजार वर्षं असावं असं मानतात. यूमध्ये नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं असतं, फळं मादीलाच लागतात, हे नर होतं, पण २०१५ मध्ये त्याच्या एका फांदीला चक्क लाल फळं लागलेली दिसली! एवढ्या वयात झाडाने हे केलं.

त्या फळाचा फक्त लाल गर बिनविषारी असतो, आतली बी आणि पानं भयंकर विषारी. थ्रश पक्षी फळ गिळतात, गर पचवतात आणि बी न फोडता बाहेर टाकतात. आपल्याला ते जमणार नाही म्हणून टीचरचं ऐकायचं. आणि मोठी झालीस की वाचशील, याच जातीच्या झाडांपासून कॅन्सरवरची औषधं निघाली आहेत.

प्रश्न : रिटायर झाल्यावर मी आणि मिस्टर नॉटिंगहॅमला मुलाकडे आलो. मिस्टरांना नुसतं बसून राहवत नाही, म्हणून ते चर्चच्या स्वच्छतेच्या ग्रुपमध्ये गेले. पहिल्याच दिवशी त्यांनी तारेचा ब्रश आणि ब्लीच घेऊन एका थडग्यावरचे पांढरे-पिवळे डाग घासायला घेतले, तर एक बाई धावतच आल्या आणि थांबवलं. त्यांना फार वाईट वाटलं. नक्की चुकलं काय? (वाचक भगिनी, नॉटिंगहॅम)

उत्तर : काकू, काकांना सांगा की मीही हेच केलं होतं आणि मलाही असंच थांबवलं होतं. आपल्याला वाटतं मळ आहे, बुरशी आहे, पण ते दगडफूल आहे. हो, तुमच्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल, त्याचेच भाऊबंद! इंग्रजीत लायकेन. बुरशी आणि शेवाळ एकमेकांच्या आधाराने जगतात ते हे, आणि वाढतात इतके सावकाश की कित्येक जाती वर्षाला एखादा मिलिमीटरच पसरतात. काका जो वाडग्याएवढा गोल डाग घासायला गेले त्याचं वय कदाचित दीडशे वर्षं असेल.

चर्चमध्येच एवढे का? इंग्लंडच्या सपाट भागात उघडा कातळ फारसा नाहीच, तेव्हा जुना, न हललेला, उन्हापावसात उभा असलेला दगड म्हणजे थडगी आणि चर्चच्या भिंती. ब्रिटनमध्ये लायकेनच्या साधारण दोन हजार जाती आहेत, त्यातल्या सातशेच्या वर चर्चच्या आवारांत सापडल्या आहेत. चुनखडीच्या दगडावर वेगळ्या, वाळूच्या दगडावर वेगळ्या, उत्तरेकडच्या ओल्या बाजूला वेगळ्या आणि दक्षिणेकडच्या तापलेल्या बाजूला वेगळ्या. आणि गंमत म्हणजे थडग्यावर साल कोरलेलं असतं, त्यामुळे हा डाग जास्तीत जास्त किती जुना आहे हे लगेच कळतं, अभ्यास करणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो. काकांनी एक भिंग घ्यावं आणि त्याच थडग्याच्या चारी बाजू बघाव्यात, स्वस्थ बसून न राहवणाऱ्या माणसाला हा छंद वर्षभर पुरतो. नाव वाचता येत नसेल तर बाजूने बॅटरीचा तिरपा उजेड टाकायचा, अक्षरं आपोआप उठून दिसतात, घासायची गरजच नाही.

प्रश्न : मी अहमदनगरचा, आता अहिल्यानगर, आमचं घराणं चार पिढ्या ख्रिस्ती. नोकरीमुळे नॉरफोकमध्ये आहे आणि इथल्या जुन्या चर्चच्या कॉयरमध्ये गातो. चर्चमध्ये वटवाघळं आहेत. रविवारी सकाळी आल्टरच्या, म्हणजे वेदीच्या कापडावर लेंड्या, बाकांवर लेंड्या, वास वेगळाच. कोणी काही करू शकत नाही म्हणे, कायदा आहे. निसर्ग वगैरे ठीक आहे पण उपासनेची जागा आहे ती! (वाचक बंधू, नॉरफोक)

उत्तर : दादा, तुमचा राग मला समजतो आणि त्यात काही गैर नाही. बाहेर फुलं लावा म्हणणं सोपं असतं, आतली घाण दर शनिवारी पुसणाऱ्यांचं दुखणं त्यांनाच माहीत. वटवाघळांच्या मुतामुळे पितळेच्या जुन्या पट्ट्या आणि संगमरवर खरोखर खराब होतात.

कायदा आहे हे खरं. १९८१ च्या वन्यजीव कायद्यापासून ब्रिटनमधल्या सगळ्या वटवाघळांना आणि त्यांच्या राहण्याच्या जागेला संरक्षण आहे, लायसन्सशिवाय भोक बुजवता येत नाही. कारण त्यांची मूळ घरं, म्हणजे पोकळ झालेली जुनी झाडं, जुनी कोठारं, गेली, तेव्हा ती चर्चमध्ये आली. मे-जूनमध्ये माद्या एकत्र जमतात आणि एकेक मादी वर्षाला एकच पिल्लू देते, त्यामुळे एक वसाहत मोडली तर ती भरून यायला फार वर्षं जातात. आणि पिपिस्ट्रेल नावाचं छोटंसं वटवाघूळ एका रात्रीत हजारो चिलटं खातं.

पण 'काही करता येत नाही' हे खरं नाही. २०१८ ते २०२३ या काळात चर्च, निसर्ग आणि वारसा सांभाळणाऱ्या संस्थांनी मिळून 'बॅट्स इन चर्चेस' नावाचा प्रकल्प केला, लॉटरी फंडाचे पैसे होते. त्यात जे उपाय निघाले ते वापरता येतात. काही ठिकाणी छताच्या आत त्यांच्यासाठी बंदिस्त पेटी केली, येण्याजाण्याची वाट तीच ठेवली पण आता लेंड्या त्या पेटीतच पडतात, खाली बाकांवर नाही. आल्टर आणि पितळेवर उपासना नसताना झाकण घालायचं, कापडं घडी करून कपाटात ठेवायची. लेंड्या कोरड्या असताना मऊ ब्रशने झाडायच्या, ओल्या फडक्याने चोळल्या तर डाग पडतो. तुमच्या चर्चच्या समितीने बॅट कन्झर्वेशन ट्रस्टच्या हेल्पलाइनला फोन करावा, चर्चना मोफत सल्ला मिळतो. फक्त पिल्लांच्या दिवसांत, म्हणजे मे ते ऑगस्ट, छताला हात लावू नका.

प्रश्न : हे सगळं वाचून वाटलं की आपल्या देवराया म्हणजे हेच ना? फरक काय? (वाचक बंधू, पुणे)

उत्तर : भावना एकच. देवाची जागा आहे म्हणून कोणी हात लावला नाही आणि म्हणून जे बाहेर संपलं ते आत टिकलं. पण फरक मोठा आहे. देवराईत कुऱ्हाड न्यायचीच नाही, पडलेलं लाकूडसुद्धा उचलायचं नाही, तिथे न कापणं हाच नियम. इंग्लंडच्या चर्चमधलं कुरण मात्र कापल्यामुळेच जगतं, दहा वर्षं कापलं नाही तर तिथे झुडपं येतील आणि फुलं मरतील.

देवराईच्या जास्त जवळचं उदाहरण हवं असेल तर ते इथिओपियात आहे. उत्तरेकडच्या साउथ गोंदर भागात ऑर्थोडॉक्स चर्चभोवती गोलाकार जंगल राखलेलं असतं, चर्च मधे आणि झाडं चारी बाजूंनी, झाडं म्हणजे चर्चचं वस्त्र असं तिथले लोक मानतात. आजूबाजूला सगळी शेती आणि चराई, त्यामुळे विमानातून बघितलं तर तपकिरी जमिनीवर हिरवे ठिपके दिसतात. काही जंगलं तर चार-पाच एकरांचीच. गुरं आत शिरून रोपं खायची आणि जंगल दरवर्षी कडेने थोडं थोडं झिजायचं. अलेमायेहू वासी हे तिथलेच वनशास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या मार्गारेट लोमन यांनी धर्मगुरूंबरोबर बसून बोलून यावर मार्ग काढला, शेतकऱ्यांच्या शेतातले दगड उचलून जंगलाभोवती गडगा घालायचा. शेत मोकळं झालं आणि जंगल वाचलं. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शास्त्रज्ञांनी बाहेरून येऊन नियम लादले नाहीत, पाद्री आणि गावकरी यांचंच ते काम राहिलं. आपल्याकडे जिथे देवराईचं मंदिर मोठं करायला म्हणून झाडं तोडली जातायत तिथल्या मंडळींनी हे वाचावं.

प्रश्न : आम्ही वसईच्या धर्मग्रामातली युवक मंडळी. तुमचं वाचून आमच्या चर्चच्या आवारात आणि दफनभूमीत असंच करायचं ठरवतोय. ऑनलाइन इंग्लंडच्या रानफुलांच्या बियांची पाकिटं मिळतात, ती मागवावीत का? आणि मे महिन्यात गवत न कापण्याचं पाळायचं का? (वसई)

उत्तर : मुलांनो, पाकिटं अजिबात मागवू नका. एकतर परदेशी बियाणं परवान्याशिवाय भारतात आणायला बंदी आहे, आणि दुसरं म्हणजे ज्या बियाला बर्फाळ हिवाळा लागतो ती वसईच्या उकाड्यात काय करणार. आणि मे महिन्यात तुमच्याकडे कापायला गवत असतं का? तुमचं कॅलेंडर वेगळं आहे, ते पावसाचं आहे.

तुमच्याकडे मला तर हे सोपं वाटतं. जूनमध्ये उगवतं, सप्टेंबरात फुलतं, ऑक्टोबरच्या अखेरीला बी झडत येतं. आणि तुम्ही दफनभूमी कधी साफ करता? २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनाआधी. म्हणजे तुमच्या आज्या-पणज्यांची जी रीत आहे तीच गवत कापायची बरोबर वेळ आहे, फक्त मधे ऑगस्टात येऊन सगळं सपाट करायचं थांबवा. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा धरा, विळ्याने कापा, दोन दिवस पडू द्या, मग उचला. आणि तणनाशक मारू नका, हात जोडून सांगते. कामाचा माणूस म्हणेल एका फवाऱ्यात होईल, एका फवाऱ्यात होतंही, पण मग तिथे तेरडा दिसणार नाही.

काय येईल? तेरडा, कुर्डू, टाकळा, सगळं आपोआप. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, भाजी म्हणून तुम्ही खाताच, थोडा त्यांना ठेवा. कोपऱ्यात रुई असेल तर उपटू नका, प्लेन टायगर नावाच्या केशरी फुलपाखराच्या अळ्या तिच्यावरच वाढतात. जुन्या मनोऱ्यात गव्हाणी घुबड असेल तर अपशकुन म्हणून हाकलू नका, उंदरांचा बंदोबस्त फुकटात होतो. मनोऱ्यावर रात्रभर फोकस लावत असाल तर तो दहाला बंद करा. आवाराला लागून बावखल, म्हणजे तुमच्याकडचं जुनं छोटं तळं, असेल तर ते बुजवू देऊ नका, वसईत बावखलं किती गेली हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि पेव्हर ब्लॉक! गाड्या लावायला जेवढे लागतात तेवढेच घाला, एकदा अख्खं आवार ब्लॉकने झाकलं की बाकी सगळी चर्चा संपली.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. इंग्लंडात उंच गवतात स्लो वर्म निघतो, तो सापासारखा दिसणारा बिनपायाचा सरडा, अगदी निरुपद्रवी. तुमच्याकडे घोणस आणि मण्यार निघू शकते. म्हणून लोक जिथे चालतात, मुलं खेळतात, मेणबत्त्या लावायला येतात तो सगळा भाग कापलेला आणि स्वच्छच ठेवायचा, वाट निदान चार फूट रुंद. राखीव तुकडा भिंतीकडेचा निवडा, त्याला दोरी बांधा, पाटी लावा, आणि कापायला जाताना गमबूट घाला. याबाबतीत इंग्लंडची नक्कल करू नका.

फादरना विचारताना घाबरू नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तुमच्या वसईचे, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, त्यांनी हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, २०२४ मध्ये ते गेले. पोप फ्रान्सिस यांचं २०१५ चं 'लाउदातो सी' हे परिपत्रकही पृथ्वी सांभाळण्यावरच आहे. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा काळ जगभरची अनेक चर्च सृष्टीचा काळ म्हणून पाळतात आणि नेमके तेच तुमचे फुलांचे दिवस. त्यात एका रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, सगळ्यांना आवारात फिरवा, कुठलं झाड काय आहे ते म्हाताऱ्या बायांना सांगू द्या, त्यांना तुमच्या मोबाइलपेक्षा जास्त नावं माहीत असतील, ती वहीत लिहून ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून जूनमध्ये 'चर्चेस काउंट ऑन नेचर' म्हणून हेच करतात, लोक चर्चच्या आवारातली झाडं, पाखरं, किडे मोजतात आणि ती नोंद राष्ट्रीय यादीत जाते. मोजलं की मग तोडायला येणाऱ्याला दाखवायला हातात कागद असतो.

प्रश्न : माझे मिस्टर चार वर्षांपूर्वी गेले. आम्ही मूळचे सोलापूरचे, पण त्यांची इच्छा इथेच, केंटमधल्या आमच्या चर्चच्या आवारात दफन व्हायची होती. यंदा त्या बाजूचं गवत कापणं बंद केलं. जूनमध्ये गेले तर कबर दिसेना. ओल्या गवतात चाचपडत शोधली, साडी भिजली, आणि तिथेच बसून रडले. फुलपाखरं जगावीत हे मलाही वाटतं. पण मी काय करू? (नाव देत नाही)

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

यात चूक तुमची नाही आणि फुलांचीही नाही, ज्यांनी ठरवलं त्यांची आहे. या कामात पहिला नियमच हा असतो, की ज्या कबरींना भेटायला माणसं येतात तो भाग कापलेलाच ठेवायचा. कुरण जुन्या भागात करायचं, जिथे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची थडगी आहेत आणि आता येणारं कोणी उरलं नाही. चार वर्षांची कबर गवतात जाऊ देणं हे निसर्गप्रेम नाही. आमच्या आवारात काम सुरू करण्याआधी आम्ही वर्षभर नुसता नकाशा केला, कुठल्या कबरीवर ताजी फुलं दिसतात, कोण कधी येतं, आणि तो भाग सोडूनच बाकीचं ठरवलं.

तुम्ही चर्चच्या व्हिकरना, म्हणजे धर्मगुरूंना, आणि समितीला, तिला इथे पीसीसी म्हणतात, पत्र लिहा. मला लिहिलंत तसंच लिहा, जूनमध्ये काय झालं ते. दोन गोष्टी मागा, तुमच्या मिस्टरांच्या कबरीभोवती आणि त्या ओळीत गवत नेहमी छोटं ठेवणं, आणि दारापासून तिथपर्यंत कापलेली वाट. दोन्ही लगेच होण्यासारखं आहे, मशीनचं अर्ध्या तासाचं काम आहे. इंग्रजीत लिहायला अडचण असेल तर मला कळवा, मी लिहून देईन.

आणि तुम्हाला हवं असेल तरच, कबरीच्या पायथ्याशी काय लावायला परवानगी आहे ते त्याच पत्रात विचारून घ्या, प्रत्येक आवाराचे नियम वेगळे असतात. परवानगी मिळाली तर स्नोड्रॉप लावा. ही छोटी पांढरी फुलं चर्चच्या आवारांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, २ फेब्रुवारीच्या कँडलमसच्या सणाच्या सुमारास उमलतात, अजून कशालाच पालवी नसते तेव्हा. सुके कंद नीट रुजत नाहीत, म्हणून फुलं गेल्यावर पानं हिरवी असतानाच, मार्च संपायच्या आत, कुणाच्या तरी बागेतला एक पुंजका मागून घ्यायचा आणि सुटा करून लावायचा. मे संपेपर्यंत पानं आपोआप विरून जातात, तेव्हा वरून गवत कापलं तरी काही बिघडत नाही. माझ्याकडे भरपूर आहेत, फेब्रुवारीच्या शेवटी ओल्या कागदात गुंडाळून पोस्टाने पाठवते. पत्ता संपादकांकडे द्या.